गुरप्पा जकार्डवाला आणि झोपेतले झटके

आमच्या गल्लीत असं बोललं जायचं की गुरप्पा झोपलेल्या पोरांची झोप चोरतो. हे सांगणारी मुख्य बाई नागव्वा. ती उखळात शेंगाचटणी कुटत बसायची आणि बातमीही त्याच ठोक्यात सांगायची. "त्याचं सोताचं झोप" – ठक् – "मेलंय बघ. म्हणून पाळण्यापाशी" – ठक् – "टक लावून बसतंय. बाळाचं झोप ओढून घेतंय. मग बाळ रात्रभर किंचाळतंय आणि हे घरी जाऊन" – ठक् ठक् – "घोरतंय!"

हे सगळं खोटं आहे. ते खोटं आहे असं मलाच लिहावं लागतंय याचं वाईट वाटतं, कारण खरा गुरप्पा यापेक्षा फार कंटाळवाणा आहे. त्याला कुणाची झोप चोरायची गरजच नाही. दुपारच्या सुट्टीत तो कारखान्यातल्या सुताच्या ढिगावर पडतो आणि तीन मजली घोरतो. खालचा मजला नाकात, मधला घशात, आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी जड कपाट सरकवतंय. मी ते ऐकलंय, म्हणून ते मला काढताही येतं. लोकांच्या घरांतून तो चोरतो ते दुसरंच: चहा, आणि ऐकणाऱ्याची अख्खी दुपार.

गुरप्पा मूळचा मैंदर्गीचा. दहाव्या वर्षी सोलापुरात काकाकडे आला आणि तेव्हापासून चादरींच्या मागांवर आहे. आता पन्नाशीला टेकलाय. तो विणत नाही. तो जकार्ड बसवतो. चादरीवर मोर, फुलं, वेलबुट्टी निघते ती या जकार्डमुळे. मागाच्या डोक्यावर एक मोठं धूड असतं, त्यातून शेकडो दोऱ्या खाली लोंबतात, आणि दोरी वर गेली की ताण्यातला, म्हणजे उभ्या सुतातला, तिचा धागा वर उठतो. एवढंच. पण गुरप्पाकडून ऐकाल तर वाटेल की ब्रह्मदेवाने सृष्टी केली आणि दोऱ्या ओवायला गुरप्पाला ठेवलं.

त्याची नक्कल करायला फारसं काही लागत नाही. हनुवटी वर करायची, डोळे अर्धे मिटायचे, आधी "हे बघ" म्हणायचं आणि शेवटी "की" म्हणायचं. मधे काही भरलं नाही तरी चालतं. तो स्वतःही फारसं भरत नाही. जगातली कुठलीही गोष्ट त्याला सांगा, ती फिरून मागावर येणार. कुणाची सून माहेरी निघून गेली? "ताणा ढिला होता की." शाळेतल्या गुरुजींना अर्धांगवायू झाला? "एका बाजूच्या दोऱ्या तुटल्या की." आमच्या अप्पांना एकदा नुसती शिंक आली, तर हा म्हणाला, "हे बघ, धोटा उडाला की."

आणि बघत बसायची खोड. ती मात्र खरी. झोपलेलं काहीही असो, गुरप्पा त्याच्यापुढे उकिडवा बसतो. दोन वर्षांपूर्वी त्याच्या कारखान्याच्या जिन्याखाली एक कुत्री व्याली. पिल्लांचे डोळेही उघडले नव्हते. ती एकमेकांवर पडून झोपायची, आणि झोपेत त्यांचे पाय उडायचे, मिश्या थरथरायच्या, कान फडफडायचे. गुरप्पा डबा मांडीवर घेऊन रोज तिथे. जिन्याच्या भिंतीवर खडूने रेघा ओढायचा: कुठल्या पिल्लाचा कुठला पाय, किती वेळा. मालक शिवलिंगप्पा येऊन म्हणाला, "काय बघूलालास बे गुरप्पा? कुत्र्याच्या पिल्लाला जकार्ड बसवतोस काय?"

"हे बघा मालक," गुरप्पा म्हणाला, "आपण नवा जकार्ड बसवतो तेव्हा काय करतो? मोटरचा पट्टा काढतो की. मोटर चालू असली, माग धडधडत असला, तर कुठल्या दोरीनं कुठला धागा उचलला ते कुणाला कळतंय? सगळंच हलतंय. म्हणून पट्टा काढायचं, माग गप्प करायचं, आणि एक दोरी ओढायची. बघायचं, काय उठलं. मग दुसरी ओढायची. हे पिल्लू तेच करतंय. अंग ढिलं सोडलंय, म्हणजे पट्टा काढलाय. आणि आतून एक एक दोरी ओढून बघतंय. हे ओढलं तर पाय उठतंय. ते ओढलं तर मिशी. शिकतंय की."

"आणि त्यांची आई? ती कमी का हलते?" मालकाने विचारलं.

"तिचं माग बसलंय. कधीतरी एखादी दोरी तपासायची, बास."

मालक म्हणाला, "चार नंबरचा माग कालपासून बंद हाय. त्याची दोरी ओढ." हा प्रसंग मी गल्लीत निदान वीस वेळा करून दाखवलाय. मालक चांगला जमतो, पण लोक हसतात ते गुरप्पाला.

तर असा हा मनुष्य. बायको काशम्मा साधी, तिने कधीच ऐकणं सोडून दिलंय. मूलबाळ नाही. त्यामुळे गल्लीत कुठे बाळंतीण असली की गुरप्पा चहाच्या वेळी तिथे हजर. बाया पाळण्यावर पदर ओढायच्या, आणि नागव्वाची बातमी वाढत जायची.

यंदा उन्हाळ्यात माझी थोरली बहीण मुक्ता बाळंतपणाला घरी आली. बाळ दिवस भरायच्या आधीच झालं. मुलगा; लांबट डोकं, काटकुळे पाय, आणि जागं असण्यापेक्षा झोपलेलं जास्त. अकराव्या दिवशी तिची सासू बजाबाई बारशासाठी सांगोल्याहून आली. करड्या रंगाचं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत डिंकाचे लाडू, टोपडं, आणि पदराच्या गाठीत बांधलेलं काहीतरी.

बजाबाईने पाळण्यात डोकावलं. बाळ झोपेत होतं. त्याची करंगळी टुणकन उडाली. मग एक पाऊल. मग ओठाचा कोपरा वर गेला.

"सटवाई हसवती की वं," आमची आई म्हणाली.

"सटवाई न्हाय विहीणबाई," बजाबाई म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम खाली गेला. "ह्ये फेफरं हाय. माज्या धाकट्या दिराचं पोरगं असंच झटकं देऊन गेलं. सव्वा म्हैन्याचं हुतं. त्या टायमाला मी तोंड उगडलं न्हाय. आता उगडनार."

तिने पदराची गाठ सोडली. आत बिब्बे होते. बिब्बा दिव्यावर तापवायचा, सुईने त्याचं तेल घ्यायचं आणि बाळाच्या पोटावर फुल्या मारायच्या. कातडी भाजते, फोड येतात, आणि भीतीने म्हणे झटका अंग सोडून जातो. "उद्या सकाळच्याला घालू. बारशाच्या आदी."

मुक्ता सासूपुढे बोलत नाही. तिने फक्त बाळाला पाळण्यातून उचललं, मांडीवर घेतलं, आणि त्याच्या पोटावर तळहात पसरला. ते पोट तिच्या हातापेक्षा लहान होतं. आई म्हणाली, "दवाखान्यात दाखवू या का आदी?" बजाबाई म्हणाली, "दवाखान्यातच गेलं माज्या दिराचं."

आणि नेमका त्याच वेळी, चार वाजता, दारात खाकरण्याचा आवाज. "वैनी, चहा झाला काय?"

आईने एरवी "आत्ताच संपला" म्हटलं असतं. त्या दिवशी तिला घरात कुणीही पाचवं माणूस चाललं असतं. गुरप्पा आत आला, उकिडवा बसला, आणि बशीत चहा ओतून फुर्रर्र करत असताना बाळाकडे बघू लागला. बाळाचा अंगठा उडाला. पेढा बघून दुसऱ्यांचा होतो तसा गुरप्पाचा चेहरा झाला.

"हे चांगलं बसूलालंय की," तो म्हणाला.

"काय बसतंय वं?" बजाबाई म्हणाली. "पोरगं फेफऱ्यानं चाललंय, आन् तुमी चा पिताय व्हय?"

मग बिब्ब्याचं कळलं. गुरप्पाने बशी खाली ठेवली. चहा अर्धा असताना त्याने बशी खाली ठेवलेली मी पहिल्यांदाच बघितली. आणि मग त्याने जे केलं ते लिहिताना मला अजून शिसारी येते. त्याने बनियन वर केलं. सुटलेलं, केसाळ पोट, आणि त्यावर बेंबीच्या दोन्ही बाजूंना काळपट, सुरकुतलेल्या सहा फुल्या.

"हे बघ. माझ्या अव्वानं, आईनं, घातलं. मी पण झोपेत असंच हलायचो म्हणं. काय फेफरं न्हवतं की मला. उगंच भाजलं."

बजाबाईने त्या पोटाकडे नीट बघितलं, फुल्या मोजल्या, आणि म्हणाली, "बगा! बिब्बा घातला म्हून तर जगलासा!"

गुरप्पाचं तोंड उघडं राहिलं. खरं सांगते, इतकं सुंदर उत्तर मी आजवर ऐकलं नव्हतं. बनियन वरच होतं, पोट वरच होतं. मी तोंडावर ओढणी धरून हसत होते.

पण हा हरणारा नव्हता. त्याने बनियन खाली ओढलं. "हे बघा बाई. फेफरं असलं तर ते झोप-जाग बघत न्हाय. कधी बी येतंय. हे फक्त झोपेत हलतंय. जागं असताना एक झटका देऊ दे म्हणावं. एकच. तसं झालं तर मी पुन्हा या घरात चहा घेणार न्हाय."

इथे माझे कान उभे राहिले. पुन्हा कधीच नाही! रोजचं ते फुर्रर्र, तो ताणा, ती हनुवटी, सगळं एका झटक्यात बंद!

"लागली पैज," मी म्हटलं. "जागेपणी देईल तो झटका."

गुरप्पाने माझ्याकडे हनुवटी वळवली. "हरलीस तर, गिरी?"

"हरले तर सकाळी नळावर सगळ्यांच्या देखत म्हणीन, गुरप्पाकाकांचं बरोबर होतं."

"माझ्या आवाजात न्हाय. तुझ्या." म्हणजे त्याला ठाऊक होतं तर.

मी मान हलवली आणि हसत मुक्ताकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की मी पैज जिंकायची तर बाळाने झटका द्यायला हवा, आणि बाळाने झटका दिला की सकाळी बिब्बा. पण तोंडातून गेलं होतं, आणि गुरप्पापुढे माघार घेणं मला जमण्यासारखं नव्हतं.

बाळ पावणेपाचला जागं झालं. पाच माणसं सिनेमाला बसल्यासारखी बसली. बाळाने दूध घेतलं. हात हलवले, पाय झाडले.

"ह्ये बगा!" बजाबाई म्हणाली.

"हे झटका न्हाय की. दोन्ही हात, दोन्ही पाय, सगळं बरोबर हलतंय. हे चालू माग."

पंधरा मिनिटं गेली. काही नाही. बाळ छताकडे बघत होतं. त्या वेळी माझ्या हातून वाटी पडली. म्हणजे मी पाडली. फरशीवर ठणाण् आवाज झाला आणि बाळाने दोन्ही हात फाकवून अंग झटकलं.

"आला! आला झटका!" बजाबाई ओरडली.

"तुमी पण दचकलात की," गुरप्पा म्हणाला. "तुमचा लाडू पडला बघा खाली. तुमाला बी बिब्बा घालू काय?"

बजाबाईने खाली बघितलं. लाडू खरंच पडला होता. आई हसली. मुक्ता हसली नाही; ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "गिरी, तू बाहेर जा." मी गेले नाही. पण भिंतीला पाठ लावून, हात मांडीखाली घेऊन बसले.

बाळ पुन्हा झोपलं. थोड्या वेळाने त्याची मान लुळी पडली, श्वास कधी भरभर कधी सावकाश होऊ लागला, आणि मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं इकडून तिकडे फिरायला लागली. मग सुरू झालं.

"डावं करंगळी," गुरप्पा पुटपुटला. "उजवं पाऊल. ओठ. परत करंगळी. बघा बाई, एका वेळी एकच. आता उठवा त्याला."

बजाबाईने स्वतः पुढे होऊन बाळाच्या तळपायाला बोटाने गुदगुली केली. बाळाने डोळे किलकिले केले. झटके गेले. पुन्हा डोळे मिटले, थोड्या वेळाने पुन्हा करंगळी. पुन्हा उठवलं, पुन्हा गेले. तीन वेळा. तिसऱ्या वेळी तिने बोट तिथेच ठेवलं.

"त्येला जागंपनीच यायचं," ती म्हणाली. गुरप्पाला नाही, कुणालाच नाही. "दिराच्या पोराला. डोळं पांडरं करून. हलवलं तरी थांबत न्हवतं. आमी समद्यांनी धरलं हुतं त्येला." मग तिने बिब्बे पुन्हा पदरात बांधले आणि गाठ दोनदा आवळली. मुक्ताने बाळाच्या पोटावरचा हात पहिल्यांदा उचलला, आणि त्याच हाताने डोळे पुसले.

आता इथे गुरप्पा गप्प बसला असता तर मी त्याच्याबद्दल दोन बरे शब्द लिहिले असते. पण तो बोलला. अर्धा तास बोलला. पट्टा, मोटर, दोरी, पिल्लं, मालक, खडूच्या रेघा. आईने थकून त्याला आणखी एक कप दिला. बजाबाईने जांभई दिली तर तिला म्हणाला, "हे बघा, जबड्याचं दोरी." माणूस एकदा बरोबर ठरला की किती असह्य होतो ते त्या संध्याकाळी कळलं.

मी हार मानली नाही. डॉक्टर सांगेपर्यंत मी हरले नाही, असं मी म्हटलं. बारशानंतर दोन दिवसांनी आईने बाळाला दवाखान्यात नेलं. मी सोबत गेले, आणि गुरप्पाही आला, कुणी बोलावलं नसताना. डॉक्टरीणबाईंनी बाळ तपासलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "झोपेतच होतं आणि जागं केलं की थांबतं ना? मग काळजी नाही. तान्ह्या बाळांची निम्मी झोप अशीच चळवळी असते. जागेपणी झालं तर मात्र लगेच आणा."

"पण होतं कशानं?" मी विचारलं. आशा सोडली नव्हती.

"नक्की कुणालाच माहीत नाही. परदेशात काहीजण म्हणतात, मेंदू झोपेत हातापायांची ओळख करून घेतो, तयारी करतो. अंदाज आहे त्यांचा."

"अंदाज कशाला?" गुरप्पा म्हणाला. "माग बघितलं न्हाय की त्यांनी."

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मला वाटतं त्या दिवशी सोलापुरात आम्हा दोघींचंच एकमत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला नळ आला. वीसेक बायका, चाळीसेक घागरी. गुरप्पा रिकाम्या हातांनी उभा. घरात पाणी काशम्माच भरते. मी घागर खाली ठेवली आणि म्हटलं, "गुरप्पाकाकांचं बरोबर होतं की."

बायका खदखदून हसल्या. हनुवटी आपोआप वर गेली होती.

"हे माझं आवाज झालं," गुरप्पा म्हणाला. "परत."

मी परत म्हटलं. या वेळी माझ्या तोंडून तो नाही, बजाबाई बोलली. तिसऱ्यांदा आई. मला घाम फुटला. गुरप्पा घाईत नव्हता. त्याने एकदाही आवाज चढवला नाही, नुसता "परत" म्हणत राहिला. चौथ्यांदा मी डोळे मिटले, हात दोन्ही बाजूंना सोडले आणि सावकाश, कुणाचंच न घेता म्हटलं, "गुरप्पाकाकांचं बरोबर होतं."

रांगेतली सिद्धम्मा शेजारणीला विचारत होती, "आता हे कुणाचं आवाज काढूलालीय?"